नागाहोरींच्या दारावरची पाटी

त्या वर्षी नागाहोरींच्या घरात सलग पाच आठवडे माशाची वडी खाल्ली गेली. आमच्या गावाला वडीचं कौतुक नाही. एका रस्त्यावर समुद्र आणि पुढच्या रस्त्यावर वडीचे कारखाने. पण म्हणून रोज? सकाळी भाताबरोबर कापून, दुपारी शेवयांच्या रश्शात, संध्याकाळी तळून. चौथ्या आठवड्यात मासाएने नवऱ्याला सरळ विचारलं, "अहो, तुम्हाला वडी हवीय की वडीखालची फळी?"

हवी होती फळीच. वडी थापून वाफवतात ती जेमतेम वीतभर लांबीची लाकडी फळी. लोक ती धुऊन फेकून देतात, फार तर नातवाला खेळायला देतात. कियोताका नागाहोरी मात्र त्या फळ्या धुऊन, खिडकीत वाळवून, मागच्या खोलीत रचून ठेवत होता. त्याने लेझरने लाकडावर अक्षरं कोरायचं यंत्र विकत आणलं होतं आणि हात बसेपर्यंत चांगलं लाकूड नासायचं नाही असं ठरवलं होतं.

कियोताका तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता. एक्केचाळीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीखात्यात काढून नुकताच घरी बसला होता. लोखंडी काठीचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, आणि जमिनीखालच्या नळाला गळती कुठे आहे ते ऐकून सांगायचं, हे त्याचं काम. त्यात त्याचा हातखंडा होता. एवढा तिखट कान असलेल्या माणसाला स्वतःच्या घरातलं काही ऐकू येऊ नये, याचा मला अजूनही राग येतो. पण ते पुढे येईलच.

त्याचे वडील उमेकिची दारं-खिडक्या आणि सरकते कागदी पडदे करणारे सुतार होते. गावातल्या निम्म्या घरांचे पडदे त्यांच्या हातचे, आणि आजही एका बोटाने ढकलले तर बिनआवाजाचे सरकतात. बोलणं मात्र मोजून. पोरगा पंधरा वर्षांचा असताना त्यांनी त्याच्या हातात रंधा दिला, त्याने काढलेला ढलपा उजेडात धरून पाहिला, आणि रंधा परत घेतला. "तू शाळेत जा," एवढंच म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. त्यानंतर कियोताकाने बापासमोर लाकडाला हात लावला नाही, आणि बापानेही लाव म्हटलं नाही. ऐंशीव्या वर्षी उमेकिचींनी कारखाना बंद केला, हत्यारं आपला जुना शागीर्द दोबाशी याला देऊन टाकली. कारखान्याच्या रिकाम्या जागेत एक मांडणी आणि तिच्यावर तीन-चार फळ्या उरल्या.

आता हे यंत्र. टेबलावर मावेल एवढी ॲल्युमिनियमची चौकट, तिच्यावर पुढे-मागे धावणारं एक काळं डोकं, आणि त्यातून पडणारा निळा ठिपका. कागदावर वाचलं तर सगळं सोपं. चित्र संगणकात घालायचं, फळी खाली ठेवायची, हिरवा गॉगल लावायचा, बटण दाबायचं. कियोताकाने बटण दाबलं आणि पहिली फळी करपलेल्या पोळीसारखी काळी झाली. दुसरीवर काहीच उमटलं नाही. तिसरीवर उमटलं पण पाणावलेल्या डोळ्यांनी वाचावं तसं पुसट, कारण डोकं लाकडापासून किती उंच हवं हे त्याने मोजलंच नव्हतं. धूर खिडकीतून बाहेर गेला, तेव्हा शेजारच्या म्हातारीने कुंपणावरून विचारलं, सुके मासे भाजताय का, आणि भाजत असाल तर दोन इकडे द्या.

पण माणूस चिकाटीचा. एका फळीवर तो पंचवीस बारके चौकोन जाळायचा, प्रत्येकाचा वेग वेगळा, जोर वेगळा, आणि खाली पेन्सिलीने आकडे लिहायचा. फळीवर आधी कागदी चिकटपट्टी लावली तर धुराचे डाग लाकडावर बसत नाहीत, हे त्याला नवव्या फळीला कळलं. लाकडाच्या वर्षावर्षाच्या रेघांत एक मऊ पट्टा असतो आणि एक टणक. मऊ खोल जळतो आणि टणक दाद देत नाही, म्हणून घाईने ओढलेलं अक्षर बोटाला खडबडीत लागतं, हे त्याला विसाव्या फळीला कळलं. सुताराच्या पोराला हे वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळावं, तेही वडीखालच्या फळीवरून! पण कळलं त्या दिवशी त्याला इतका आनंद झाला की तो फळी घेऊन वडिलांच्या खोलीपर्यंत गेला. दारापर्यंत. मग परत आला.

उमेकिची अधूनमधून मागच्या खोलीत डोकावायचे. एखादी जळलेली फळी उचलायचे, नाकाशी धरायचे, परत ठेवायचे आणि जायचे. बरं नाही, वाईट नाही.

आणि कियोताकाला नेमकं तेच हवं होतं. सोंगं कशाला करायची, हौस वगैरे ठीक आहे, पण त्या यंत्रामागे खरी गोष्ट ही होती की बापाच्या तोंडून एकदा "बरं झालंय" ऐकायचं होतं. एवढे दोन शब्द. नोव्हेंबरात उमेकिचींना अठ्ठ्याऐंशी पुरी होणार होती, आमच्याकडे ते वर्ष थाटाने करतात. फाटकाच्या खांबावरची उमेकिचींनी कोरलेली नावाची पाटी एका वादळात मधोमध तडकली होती. नवी पाटी करायची, वाढदिवसाला द्यायची, असं त्याने ठरवलं.

उमेकिची आठवड्यातून दोनदा म्हाताऱ्यांच्या केंद्रात आंघोळीला जायचे. अशाच एका दिवशी कियोताकाने मांडणीवरची एक फळी काढली. हिनोकी या सुरूसारख्या सुगंधी झाडाची, हातभर लांब, मधाच्या रंगाची, नाक जवळ नेलं की अजून वास येणारी. तिच्यावरच्या रेघा एकावर एक टेकड्या काढल्यासारख्या होत्या. फळीच्या एका टोकाला पेन्सिलीची पुसट खूण होती. यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की लाकूड आधी पॉलिशपेपरने स्वच्छ घासून घ्या, तर त्याने चारही बाजूंनी घासून घेतलं आणि खूण गेली. अक्षरंसुद्धा त्याने छापील घेतली नाहीत. वडिलांच्या जुन्या पाकिटावर त्यांनी कुंचल्याने वरून खाली, उभं लिहिलेलं 'नागाहोरी' होतं, तेच संगणकात घेऊन मोठं केलं. फळीच्या वरच्या टोकाशी बारीक गाठ होती. गाठीत राळ असते, लेझर तिथे भडकतो, आणि ती बरोबर पहिल्या अक्षराच्या जागी येत होती. मग त्याने फळी फिरवून तिचं खालचं टोक वर केलं. गाठ नावाच्या खाली, मोकळ्या जागेत गेली. प्रश्न मिटला. चाळीस मिनिटं तो निळा ठिपका धावला आणि कियोताका श्वास धरून बसला. चिकटपट्टी सोलून काढली तेव्हा बापाचं अक्षर जसंच्या तसं लाकडात उतरलं होतं.

वाढदिवसाला मासाएने लाल भात केला, म्हाताऱ्याला सोनेरी टोपी आणि बंडी घातली. दोबाशी आला होता. तोही आता सत्तरीचा, पण उस्तादांसमोर अजून गुडघे मुडपूनच बसतो. कियोताकाने पाटी कापडात गुंडाळून वडिलांपुढे ठेवली.

उमेकिचींनी कापड उलगडलं. चष्मा काढला. पाटी हातभर लांब धरली, मग जवळ घेतली. अंगठा रेघांवरून खालून वर नेला, मग वरून खाली. खूप वेळ. दोबाशी वाकून बघत होता, त्याचा चेहरा बदलला आणि तो म्हणाला, "उस्ताद, ही तर..."

"दोबाशी, चहा घे," उमेकिची म्हणाले.

दोबाशीने निमूट चहा घेतला. कियोताकाने दोघांकडे पाहिलं. दोन सुतार एकमेकांना ओळखून आहेत आणि आपण पाणीखात्यातले, असं त्याला वाटलं, आणि कान तापले.

"हातोडी आण," उमेकिची म्हणाले.

"बाबा, मी लावतो. तुम्ही स्टुलावर चढू नका."

"मी लावतो."

"अहो, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे झालात तुम्ही. दोन खिळे तर मारायचेत."

"मी लावतो म्हटलं ना."

आणि ते चढले. अंगात सोनेरी बंडी, डोक्यावर टोपी, दोबाशीने कमरेला धरलेलं, रस्त्यावरून जाणारे थांबून हसताहेत. हात थरथरत होता, पण खिळ्यावर घाव पडायच्या क्षणी थरथर थांबायची. दोन खिळे, सहा घाव. मग खाली उतरले, दोन पावलं मागे गेले, पाटीकडे पाहिलं, "हं" म्हणाले आणि आत जाऊन झोपले.

त्या संध्याकाळी भांडी आवरताना कियोताका बायकोला म्हणाला, आणि मुद्दाम शेजारच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "खिळा मारण्याइतकासुद्धा माझा भरवसा नाही. कोरलेलं तर विचारायलाच नको."



त्याच आठवड्यात त्याने यंत्र जुन्या चादरीत गुंडाळून परसातल्या कोठीत टाकलं. उरलेल्या फळ्या मासाएने बंब पेटवायला घेतल्या. वडी बंद झाली याचं तिला बरं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. तिने एकदा-दोनदा म्हणूनही पाहिलं की टेबलावर गरम भांड्याखाली ठेवायला दोन फळ्या कोरा, मैत्रिणीच्या दुकानाला एक पाटी करा. तो म्हणाला, नाद होता, संपला.

पुढचं दीड वर्ष त्या घरात भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं. कियोताका वडिलांचं सगळं करायचा. वेळेवर जेवण, वेळेवर औषध, केंद्राच्या गाडीपर्यंत हात धरून नेणं. त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि मायेलाही नव्हती. "जेवायला चला." "गोळी घेतलीत?" "पायरी आहे." यापलीकडे शब्द नाही. उमेकिची रोज सकाळी कोरडं फडकं घेऊन फाटकाशी जायचे आणि पाटी पुसायचे. कियोताका स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बघायचा आणि म्हणायचा, बघ, अजून त्यांना तिच्यात घाणच दिसते.

मग मे महिन्यात उमेकिची गेले. न्युमोनिया झाला, इस्पितळात सहा दिवस काढले. शेवटच्या दिवशी कियोताका उशाशी होता, आणि त्याला मनातून वाटत होतं की आता तरी काही म्हणतील. ते म्हणाले, "खिडकी लावून घे, फट आहे." खिडकीला खरंच फट होती.

एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले, अस्थी थडग्यात ठेवून झाल्या. तेव्हा कियोताकाने ठरवलं की पाटी उतरवायची. रागाने नाही. राग एव्हाना उतरला होता. त्याला वाटलं, बापाने जिवंतपणी नाइलाजाने सोसली, आता तरी त्याच्या नावाला साजेशी, हाताने कोरलेली पाटी असावी. त्याने दोबाशीला बोलावलं. स्वतःच स्टुलावर चढून खिळे काढले आणि पाटी त्याच्या हातात देऊन म्हणाला, "दोबाशीसान, अशीच एक नीट करून द्या. बाबांना आवडली असती अशी."

दोबाशीने पाटी हातात घेतली आणि सुस्कारा सोडला. "चला. शेवटी तुझं तुलाच कळलं म्हणायचं."

"काय कळलं?"

"उलटी आहे ते."

कियोताकाने पाटीकडे पाहिलं. नाव तर सुलट होतं.

"नाव नाही रे, लाकूड," दोबाशी म्हणाला. त्याने रेघांच्या टेकड्यांवर बोट ठेवलं. "ही शिखरं बघ. झाडाच्या शेंड्याकडे असतात ती. तुझी सगळी खाली बघतायत. बांबूचा कोंब कधी खाली तोंड करून उगवलेला पाहिलायस? झाड जसं उभं होतं तसंच लाकूड उभं करायचं, मुळाची बाजू खाली. खांब असो, दार असो, पाटी असो. उलटं लावलं तर घरात माणूस दगावतं म्हणतात. खरंखोटं देव जाणे, पण आम्ही आयुष्यात कधी लावलं नाही. उस्ताद तर मुळाकडच्या टोकाला पेन्सिलीने खूण करून ठेवायचे, शिकाऊ पोराचा घोळ होऊ नये म्हणून."

कियोताकाला पॉलिशपेपर आठवला. तो स्टुलावरच बसला.

"मग बोलले का नाहीत? तुम्ही का नाही बोललात?"

"मी बोलणारच होतो. तर म्हणाले, चहा घे." दोबाशी किंचित हसला, मग थांबला. "दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले, चालत. एवढा चढ चढून. म्हणाले, गल्लीतल्या सुताराला, गवंड्याला, सगळ्यांना सांगून ठेव, त्या पाटीबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. मी म्हटलं, उस्ताद, मी रात्रीत दुसरी करून देतो, तीच अक्षरं, कुणाला कळणार नाही. तर माझ्यावरच डाफरले. म्हणाले, ती पोराने केलीय."

"आणि स्वतः चढून लावली ती?"

"ते तुला ठाऊक नाही? आमच्यात म्हणतात, उलट्या लाकडाचा दोष करणाऱ्याला नाही, उभं करणाऱ्याला लागतो. तुला लावू दिली असती तर तुला लागला असता. म्हणून तर अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस स्टुलावर चढला. मला वाटलं, तुला कळलं असेल."

रस्त्याने वडीच्या कारखान्याची गाडी गेली.

"मी एकदा म्हटलं त्यांना," दोबाशी सांगत राहिला, कारण म्हाताऱ्या माणसाला एकदा तोंड फुटलं की थांबवत नाही, "उस्ताद, त्याला हळूच सांगा तरी, पुढच्या वेळी चुकणार नाही. तर म्हणाले, सांगितलं तर तो यंत्र बंद करून टाकेल. पंधराव्या वर्षी मी त्याच्या हातातून रंधा घेतला, तेव्हापासून पन्नास वर्षं त्याने लाकडाकडे बघितलं नाही. आता आपणहून बघतोय, तर बघू दे, असं म्हणाले. काय काय केलंस मग त्या यंत्रावर? मी विचारीन विचारीन म्हणत राहिलो."

यावर कियोताका काय सांगणार? यंत्र त्याच आठवड्यात कोठीत गेलं होतं. आणि तेवढ्यात त्याला एक जेवण आठवलं, मागच्या हिवाळ्यातलं. तिघं बसले होते आणि वडील भाताच्या वाडग्यात बघत म्हणाले होते, "हल्ली जळका वास येत नाही." तो म्हणाला होता, "बरंच झालं ना मग." वडिलांनी मान हलवली होती आणि आणखी थोडा भात मागितला होता.

विचारत होते ते. वर्षानुवर्षं काही न विचारणाऱ्या माणसाने त्या दिवशी विचारलं होतं, आणि आपण त्याच्या तोंडावर दार लावलं. त्या माणसाला "बरं झालंय" म्हणता येत नव्हतं, कारण बरं झालेलं नव्हतं, आणि लाकडाबद्दल खोटं त्याच्या जिभेवर येत नसे. म्हणून त्याने पाटी स्वतःच्या दारावर स्वतःच्या हाताने लावली आणि रोज सकाळी पुसली. यापेक्षा जास्त काय म्हणणार होता तो? कियोताकाला रडू आलं, दोबाशीच्या देखत आलं, आणि त्याने ते लपवलं नाही. मी चुकलो, दोबाशीसान, असं तो दोन-तीनदा म्हणाला. दोबाशीला हे असं काही सोसत नाही. तो खिसे चाचपत राहिला आणि म्हणाला की नवीन फळी त्याच्याकडे आहे, आठवड्यात करून देतो.

"नको," कियोताका म्हणाला. "हातोडी द्या."

"उलटीच लावणार?"

"लावणार. मीच लावतो."

दोबाशीने हातोडी दिली, आणि जुन्याच भोकांत खिळे घातले तर सैल बसतील, जरा बाजूला मार, एवढं सांगून तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कियोताकाने कोठीतून यंत्र काढलं. चादरीला कुबट वास येत होता, पण यंत्र चालू झालं. फळी नव्हती, म्हणून तो दुकानात जाऊन वडी घेऊन आला. मासाएने ती न विचारता कापली आणि फळी धुऊन दिली. त्याने तिच्यावर काहीही कोरलं नाही, नुसते ते पंचवीस चौकोन जाळले, जोर वाढवत वाढवत. खिडकी उघडली नाही. मधलं दार सरकवून वडिलांच्या खोलीकडची बाजू मोकळी ठेवली. जळक्या लाकडाचा वास हळूहळू घरभर गेला, देव्हाऱ्यातल्या वडिलांच्या तसबिरीपर्यंत गेला. तो गॉगल लावून तिथेच बसून राहिला.